शून्य कव्हा करायचं

लग्नाची पत्रिका आली की आमच्या ऑफिसात लोक मुलगी कुठली, जेवण काय, असं विचारत. एक गृहस्थ फक्त विचारत, "कव्हा?" साहेबांनी बोलावलंय. "कव्हा?" चहा सांगितलाय. "कव्हा?" वणीतल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात त्यांचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. सगळे त्यांना कव्हाभाऊच म्हणत.

आम्ही वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर करत होतो. राजूरकडे कोळशाचे ट्रक, दिवाळीनंतर जिनिंगवर कापसाच्या ट्रॉल्या. ते संगणकावर बसवणारा प्रोग्राम, म्हणजे इन्स्टॉलर, हा भाऊंचा प्रांत. इन्स्टॉलर फायली ठेवतो, शिवाय आपण सांगू ती जादा कामंही करतो. पण तो एकदाच येत नाही. पहिल्यांदा बसवताना, दुरुस्तीला, नवी आवृत्ती चढवताना, काढून टाकताना, दरवेळी तोच. "काय करते ते मंग सांग, कव्हा करते ते आधी सांग," भाऊ म्हणत. "बारसं एकदाच असते बापा. पोरगं घरात शिरलं का पुन्हा नाव ठेवशीन काय?"

माझ्याकडे असंच एक जादा काम आलं होतं, काटा शून्य करण्याचं. रिकाम्या काट्यावर, पहिल्या बसवणीत, एकदाच. तशी अट घालायला भाऊंनी कागदावर लिहून दिलं होतं. मी घातली नाही. म्हातारं उगाच किरकिर करतंय, असं मला वाटलं.

झरी जामणीच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगवर मी नवी आवृत्ती चढवायला गेलो. जेवणाची सुट्टी होती, आवारात एकही ट्रॉली नव्हती. ऊन रणरणत होतं, म्हणून मोटारसायकल शेडच्या सावलीत, थेट काट्याच्या पत्र्यावर लावली. काम झाल्यावर ती काढली आणि रांग सुरू झाली. एक ट्रॉली उतरते न उतरते तोच दुसरी चढे. पाच आत गेल्यावर खंड पडला, आणि रिकाम्या काट्यावर आकडा आला उणे एकशे तीस. माझ्या गाडीचं वजन. अट नव्हती, म्हणून नवी आवृत्ती चढताना इन्स्टॉलरनं काटा माझ्या गाडीसकट शून्य केला होता. पाचही भरलेल्या ट्रॉल्या एकशे तीस किलोनं कमी मोजल्या गेल्या होत्या.

"काटा मारून राह्यले हे लोक!" कोणीतरी ओरडलं. एकानं माझी कॉलर धरली. "शून्य कर आधी!" बटणावर बोट ठेवूनच मी फोन लावला.

"भाऊ, काटा उणे दाखवून राह्यला. शून्य करू?"

"कव्हा?"

"आत्ताच!"

"हात काढ. भरलेल्या आत किती गेल्या?"

"पाच."

"त्या रिकाम्या होऊन यायच्या आधी शून्य केलं, तर पाच जणांचा कापूस बुडवशीन. मी येतो. कशालेच हात नोको लावू."

ती वीस मिनिटं मी कशी काढली, माझं मला माहीत. भाऊ आले. माझी गाडी त्यांनी पुन्हा पत्र्यावर चढवली. पडद्यावर शून्य. मग भाऊ गर्दीकडे वळले.

"पाहा, काट्यानं ही गाडी खाल्ली. भरलेली ट्रॉली मोजली तव्हा खाल्ली, आता रिकामी मोजतानाई खाऊ द्या. एकातून एक वजा केलं का कापूस बरोबर निंगते. मधातच दुरुस्त केलं तर तुमचाच कमी भरते."

गाडी उतरवली. पाचही रिकाम्या येईपर्यंत नवी ट्रॉली चढणार नव्हती. दोन तास रांग उन्हात खोळंबली, जिनिंगचा मालक शिव्या देत होता, आणि भाऊ बटणाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. पाचवी उतरल्यावर त्यांनी पत्रा चारदा निरखला, एक कुत्रं हाकललं, मगच शून्य केलं.

मालकाची तक्रार आली. साहेबांनी विचारलं, "हे काम कोणाचं?"

"माहं," भाऊ म्हणाले.

मी तिथेच उभा होतो. लाज वाटते सांगायला, पण तोंडातून शब्द फुटला नाही. महिनाअखेरीस भाऊंची नोकरी गेली.

बसस्टँडवर त्यांची पिशवी मी खिडकीतून आत दिली. म्हणालो, "भाऊ, मी सायबाले खरं सांगणारच होतो."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कव्हा?"

रागानं नाही, नेहमीच्याच सुरात. एसटी निघाली.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. अट वाचल्याशिवाय एकही इन्स्टॉलर पुढे जाऊ देत नाही. साहेब अजून तेच आहेत. शेजारच्याच खोलीत बसतात.