मामींच्या उंचीचा ओटा

गावात त्यांना ओटेमामा म्हणत. खरे मामा ते दोघातिघांचेच, पण परगावी कामाला जाणाऱ्या टोळीत एकाने मामा म्हटलं की ते सगळ्यांचेच होतात. टोळीत कुणी भिंती रचायचा, कुणी फरशी बसवायचा. मामा स्वयंपाकघरातले ओटे करायचे. सुगी आटोपली की अंथरुणं आणि हत्यारं टेम्पोत टाकून ही मंडळी निघायची, ती पेरणीच्या तोंडावर परतायची. म्हणून मामी त्यांना पाहुणे म्हणायच्या. दारात आलेल्या नवऱ्याला "पाहुणे, चहा घेणार ना?" असं अगदी सरळ चेहऱ्याने विचारायच्या.

शहरात राहणं बांधकामातच असायचं. ज्या मजल्याला अजून दारं लागलेली नाहीत, तो मजला आपला. उद्या जिथे कुणाचा पलंग येणार, तिथे आज यांच्या वळकट्या. दारं लागायला लागली की बिऱ्हाड उचलून शेजारच्या इमारतीत. मामा म्हणायचे, शहरात माझ्याएवढी घरं कुणाची नसतील, फक्त किल्ली एकाचीही नाही.

संध्याकाळी काम सुटलं की ते नव्या ओट्यावर हात फिरवत उभे राहायचे. तेव्हा हमखास मामी आठवायच्या. जमिनीवर एक गुडघा वर घेऊन बसलेल्या, धुराने डोळे बारीक केलेल्या, मनगटाने कपाळ पुसणाऱ्या. लोकांच्या बायका उभ्याने रांधणार आणि आपली वाकून, हे त्यांना खात राहायचं.

एका वर्षी निघायच्या आधी त्यांनी मनावर घेतलं. काळ्या दगडाची लादी आणली, पाण्याच्या नळीने पातळी पाहिली, विटांचे पाय चढवले, लादी बसवून कडा हाताने घासल्या. टेप एकदाही काढला नाही. उंची हाताला पाठ होती. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. मामी म्हणाल्या, छान झालाय.

टोळीचा मुकादम मामांचा धाकटा चुलतभाऊ. त्याने आधीच बजावलं होतं की यंदा माणसं जास्त आणि काम कमी, जो टेम्पोत नसेल त्याची जागा दुसऱ्याला जाईल. निघायच्या दिवशी मामा वळकटी बांधून सकाळीच स्वयंपाकघराच्या दारात बसले. इतकी वर्षं ओटे केले, पण आपल्या ओट्यावर कुणी स्वयंपाक करताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. घरात माणसं येईपर्यंत टोळी पुढच्या इमारतीत गेलेली असायची.

मामी पीठ मळायला उभ्या राहिल्या. खांदे कानाला भिडले, कोपरं बाहेर फाकली, हाताला जोर येईना. मग त्यांनी न बघताच पायाने एक वीट पुढे ओढली आणि तिच्यावर चढल्या.

"ही वीट कशाला?" मामांनी विचारलं.

"असू दे. ओटा दिसतो छान."

"दिसायला नाही केला मी."

"अहो, विटेवर उभं राहून माझं काही अडत नाही. निघा तुम्ही."

"तुझं नाही अडत. माझं अडतं."

मामी त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. लग्नात यावरून दोन्हीकडच्यांनी पोटभर चेष्टा केली होती. मामांना हे माहीत होतं, त्यांच्या हाताला नव्हतं. हाताने शहरातल्या इमारतींच्या नकाशातली उंची उचलली आणि घरात आणून बसवली.

तेवढ्यात मुकादम बोलवायला आला. त्याने ओटा पाहिला, वीट पाहिली आणि हसत सुटला. शहरभर ओटे केलेस आणि घरचा शेजारणीच्या मापाचा केलास होय, म्हणाला. मामीही हसल्या. मामा मात्र म्हणाले की मी येत नाही. मुकादमाने जागेची आठवण करून दिली, थोडा वेळ थांबला आणि गेला.

टेम्पोचा आवाज विरला तशा मामी तडकल्या. चार इंचांपायी हातचं काम घालवलं, वर्षभर काय दगड शिजवू, सगळं ऐकवलं. मामांनी वळकटी सोडली, छिन्नी काढली आणि लादीला धक्का न लावता ओटा उतरवला. मग मामींना भिंतीशी उभं केलं.

"कोपर वाकव. असं नाही, पीठ मळतेस तसं."

मामींनी हात तसा धरला. मामांनी कोपराखाली चार बोटं सोडून पेन्सिलीची रेघ मारली.

"एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मापलंत मला," मामी म्हणाल्या. राग तेवढ्यात कुठेतरी गेला होता.

पुढचे दिवस मामांना अजून आठवतात. नवा ओटा पक्का होईपर्यंत चूल अंगणात. मामी रांधायच्या, मामा शेजारी बसून भाजी चिरायचे आणि जाड चिरली म्हणून बोलणी खायचे. गावात कुणाचे तरी बांध घालायला, कुणाची भिंत लिंपायला जायचे. ओट्याच्या विटांना पाणी मारायचं काम मामींनी स्वतःकडे घेतलं होतं, सकाळ संध्याकाळ.

एके दिवशी मुकादमाचा फोन आला. एक जण आजारी पडून घरी गेलाय, जागा आहे, ओटा झाला असेल तर लगेच ये.

मामांनी आत पाहिलं. विटांचे सांधे कधीच पांढरे पडून दगडासारखे झाले होते. मामी तांब्या भरून पुन्हा त्यांच्यावर पाणी ओतत होत्या, तोंड तिकडे आणि कान इकडे.

"नाही रे," मामा फोनवर म्हणाले, "अजून ओला आहे."