तपकिरी बाटली

आमचे हे एकतीस वर्षं एका प्रयोगशाळेच्या स्टोअरमध्ये होते. काम काय, तर बाटल्या सांभाळायच्या. एक पूड नायट्रिक ऑक्साइड सोडणारी, तिला उजेड चालायचा नाही. दुसरी नायट्रॉक्सिल सोडणारी, ती साध्या पाण्यात पडली की काही मिनिटांत तिच्यातला दम संपला. आवळलेल्या रक्तवाहिन्या या दोन्ही वायूंनी सैल होतात, म्हणून तिथले शास्त्रज्ञ त्यांच्या मागे. बाटली उघडली की लेबलवर तारीख घालायची, हा ह्यांचा नेम. घरी मात्र चहाचा डबा उघडा टाकून जायचे. मी काय कमी बोलले असेन?

निवृत्तीनंतर ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी दिली. तीही शरीरात नायट्रिक ऑक्साइडच सोडते म्हणे. हे हसले, "नोकरी संपली, पण ही बया काही पिच्छा सोडत नाही."

त्या गोळ्यांची इवलीशी काचेची बाटली सारखी कुठेतरी घरंगळायची. मी सात खणांची छान प्लास्टिकची डबी आणली आणि बाकीच्या गोळ्यांबरोबर ह्याही तिच्यात भरल्या.

"अगं, त्या बाटलीतच..." हे म्हणायला लागले.

"तुमचं स्टोअर तिकडे. घरात माझं चालतं," मी तोडून टाकलं. आपण जिंकलो म्हणून मी खुशीत.

आठ महिन्यांनी एका सकाळी, भाजी निवडता निवडता, हे मटकन खुर्चीत बसले. चेहरा पांढराफटक. मी डबीतली गोळी जिभेखाली दिली. पाच मिनिटं गेली, काही फरक नाही. घरी आलेल्या आमच्या मुलीने अँब्युलन्सला फोन लावला. ह्यांनी कसाबसा हात उचलून पुस्तकांचं कपाट दाखवलं. शब्दकोशामागे तपकिरी काचेची बाटली होती. तिच्यातली गोळी दिली, आणि अँब्युलन्स दारात येईपर्यंत हे जरा माणसात आले.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, त्या गोळीतलं औषध उडून प्लास्टिकमध्ये मुरतं. म्हणजे मी ह्यांना नुसता खडू चघळायला दिला होता.

घरी आल्यावर बाटली नीट पाहिली. लेबलवर ह्यांच्या अक्षरात, नव्या गोळ्या भरल्याच्या तीन तारखा, दोन खोडलेल्या. पहिली तारीख मी डबी आणली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"सांगायचं होतंत ना," मी म्हटलं. राग आला होता, रडूही येत होतं.

"सांगायला लागलो होतो," हे म्हणाले. बस, एवढंच. टोमणाही मारला नाही.

माझ्या तोंडाला घाबरून हा माणूस आठ महिने स्वतःचं औषध चोरासारखं लपवत होता. मला माझीच लाज वाटली.

नवी बाटली आणली, त्या दिवशी मी पेन घेऊन ह्यांच्यासमोर बसले. "तारीख कुठे घालायची ते दाखवा. आणि कशी ठेवायची तेही सांगा."

हे अर्धा तास सांगत होते. मी एकदाही मध्ये बोलले नाही.