नोगालाने शर्यत सोडली

माझी बायको नोगाला घोड्यांच्या एकाच शर्यतीत उतरली आणि तीही तिने अर्ध्यावर सोडली. त्या दिवशी जो जिंकला त्याचं नाव आज आमच्या वस्तीत कुणाला धड आठवत नाही. नोगालाचं मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते आगगाडीत, सत्तावन्न सालच्या वसंतात. आम्हा काल्मिकांना, व्होल्गेकाठच्या घोडेपाळ जमातीला, महायुद्धाच्या ऐन हिवाळ्यात सरकारने गद्दार ठरवून घराघरांतून उचललं होतं. गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरियात नेऊन सोडलं होतं. कितीतरी जण वाटेतच गोठून गेले. उरलेल्यांनी तिथे लाकडं तोडली, बर्फातून मासे ओढले आणि दर वसंतात आपल्या गवताळ माळाची आठवण काढली. आता एकदाची परतायची मुभा मिळाली होती. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, पण कुणाची तक्रार नव्हती. बायका गात होत्या, म्हातारे गात होते, ज्यांना गाता येत नव्हतं ते त्याहून मोठ्याने गात होते.

आमच्या डब्यात मुकबेन आजोबा होते. दात नव्हते, पण जीभ धारदार. जमातीचा इतिहास ते असा सांगायचे, जणू सगळं गेल्या आठवड्यात शेजारच्या गल्लीत घडलंय.

"आपण अल्ताईच्या पायथ्याचे," ते म्हणाले. "मंगोलांतले मावळतीकडचे. तंबू, उंट, घोडे घेऊन व्होल्गेपर्यंत आलो आणि तिथेच रमलो. पुढे तिथल्या राणीच्या अधिकाऱ्यांचा जाच वाढला, तेव्हा ठरलं, परत पूर्वेला जायचं, एकजात सगळ्यांनी. नदी गोठली की मावळतीच्या काठावरचे बर्फावरून पलीकडे जाणार आणि मग मिळून निघायचं. पण त्या वर्षी नदी काही गोठेना! पलीकडच्यांनी वाट तरी किती पाहायची? ते गेले, वाटेत निम्मेअधिक मेले. आपण मावळतीच्या काठावरचे, म्हणून राहिलो."

कोपऱ्यातून एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आजोबा, तेव्हा थंडी कमी पडली म्हणून आपण वाचलो?"

"हो, पोरी."

"मग ती राहिलेली थंडी सैबेरियात व्याजासकट दिली म्हणायची!"

डबा हसून हसून कोसळला. ती नोगाला. सत्ताविशीची, गाल उन्हावाऱ्याने रापलेले, हातांना लाकूडतोडीचे घट्टे. शेजारी तिची आई, सागलारा काकू.

तेवढ्यात खिडकीपाशी कुणीतरी किंचाळलं, "नदी! अरे, नदी आली!"

गाडी व्होल्गेच्या पुलावर चढली होती. सगळा डबा एका बाजूला धावला. सागलारा काकूंनी आपल्या भांड्यातला मीठ घातलेला दुधाचा चहा ओंजळीत घेतला आणि देवाच्या, पूर्वजांच्या नावाने खिडकीबाहेर उडवला. वाऱ्याने तो तसाच आत फेकला आणि सगळाच्या सगळा माझ्या तोंडावर आला. मी बाही वर नेली.

"पुसू नकोस!" नोगाला ओरडली. "तो देवाचा आहे!"

"देवाचा असेल, पण डोळ्यांत मीठ गेलंय माझ्या!"

"मग रड की. आज सगळेच रडतायत."

खरंच होतं. मुकबेन आजोबासुद्धा रडत होते आणि रडता रडता माझ्याकडे बोट दाखवून हसत होते.

मुलखात पोचलो तेव्हा माळावर ट्युलिप फुललेले होते, लाल आणि पिवळे, नजर पोचेल तिथवर. माणसं गाडीतून उतरली आणि सरळ जमिनीवर पालथी पडली. कुणी मातीचा वास घेत होतं, कुणी गवत तोंडात धरून बसलं होतं. असे चार दिवस गेले आणि मग तहान लागली.

आम्हाला नव्या सरकारी शेतीकेंद्रावर बराकी मिळाल्या होत्या. तिथलं पाणी मचूळ, कडवट. आमच्या चहात दूध, लोणी आणि मीठ असतं, पण त्या पाण्यात मीठ न घालताही चहा खारट व्हायचा आणि दूध फाटायचं. पिण्याचं पाणी लांबून टँकरने यायचं, तेही मनात आलं तर.

सागलारा काकूंचं एकच पालुपद. "आमच्या वस्तीची विहीर गोड होती. माझ्या सासऱ्याने आणि नवऱ्याने मिळून खणली. दोन टेकाडं आहेत, आपल्या उंटाच्या पाठीवरच्या दोन मदारींसारखी. त्यांच्या मधून गेलं की विहीर." काकूंचा नवरा लढाईवर होता. आमची जमात हाकलली तेव्हा त्यालाही आघाडीवरून काढून मजुरांच्या छावणीत धाडलं, तिथून तो आला नाही.

केंद्राचा प्रमुख नार्मा आमच्यातलाच होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर हजार कामं. त्याने नकाशा पसरला. "काकू, इथे वस्तीच नाही. बघा, कोरं आहे."

"आम्हाला नेलं तेव्हा वस्तीही पुसली असेल तुमच्या नकाशावरून."

"असेल. पण सैबेरियात राहून प्रत्येकाचीच विहीर गोड झालीय, काकू. मी कुठे कुठे माणसं पाठवू?"

नोगाला दोनदा पायी जाऊन शोधून आली होती. पण माळ तो माळ, खालून चालताना सगळं सारखंच दिसतं. तिला नेलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. खुणेची झाडंही उरली नव्हती.

जूनमध्ये केंद्राला घोडे मिळाले, आणि घोडे आले की काल्मिक माणसाच्या अंगात वारं शिरतं. नार्माने सण जाहीर केला. कुस्ती, नाच आणि शर्यत. दूरच्या उंचवट्यावर लाल कापडाचा खांब रोवलेला, त्याला वळसा घालून परत यायचं. जिंकणाऱ्याला मेंढा.

नोगाला एका काळपट तांबड्या, कुमैत घोडीचा लगाम धरून रांगेत येऊन उभी राहिली.

"अगं ए," नार्मा म्हणाला, "ही पुरुषांची शर्यत आहे."

"घोडीला सांगितलंत का?"

लोक हसले. मुकबेन आजोबा खुर्चीतून ओरडले, "नार्मा, आपल्या आज्या तान्ही पोरं खोगिराला बांधून अर्धं जग ओलांडून आल्यात! बस खाली!" नार्मा खाली बसला.

मी करड्या घोड्यावर होतो. रुमाल पडला आणि आम्ही सुटलो. काय सांगू तो वारा! तेरा-चौदा वर्षं मी घोड्यावर बसलो नव्हतो. मांड्या थरथरत होत्या, पण छाती अशी फुगली होती की वाटलं, सदऱ्याची बटणं तुटणार. मागे सगळा जमाव आरोळ्या देत होता. पुढे धुळीत फक्त एक कुमैत घोडी आणि वाऱ्यावर उडणारी एक वेणी. मी टाच मारली, ओरडलो, विनवण्या केल्या, पण करडा काही तिला गाठेना.

ती खांबापाशी पोचली. उंचवट्यावर चढली. आणि वळलीच नाही.

सरळ गेली! भरधाव, खांब मागे टाकून, माळाच्या पोटात. मला एकच वाटलं. घोडी उधळली! आता पाडणार हिला, मान मोडणार! मागचे स्वार वळसा घालून परत फिरले, मेंढा त्यांच्यापुढे होता. मी क्षणभर खांबाकडे पाहिलं, क्षणभर तिच्या वेणीकडे, आणि करड्याला तिच्या मागे घातलं.

"लगाम ओढ!" मी बोंबलत होतो. "नोगाला, लगाम ओढ!"

ती मागे वळून हसत होती. घोडी उधळलेली नव्हतीच. ती हात लांब करून पुढे दाखवत होती. मी पाहिलं. लांबवर, धुक्यासारख्या उन्हात, दोन टेकाडं. अगदी उंटाच्या मदारींसारखी.

टेकाडांच्या मधून आम्ही उतरलो. तिथे काहीच नव्हतं. गुडघाभर गवत, खचलेल्या भिंतींचे मातीचे उंचवटे. नोगाला उडी मारून उतरली आणि गवतात हातांनी चाचपडत रांगू लागली.

"इथे आमचं दार... इथे चूल... आई इथून ओरडायची, म्हणजे विहीर त्या बाजूला... बासांग, हल ना तिथून, तू भिंतीवर उभा आहेस!"

मी घाबरून उडी मारली. तिने कुजलेल्या फळ्या उपसल्या. खाली काळं भोक. तिने मातीचं ढेकूळ उचललं, आत टाकलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. आम्ही दोघं भोकाकडे कान देऊन वाकलो.

डुबुक!

ती अशी किंचाळली की दोन्ही घोडे बिचकले. मग लगेच कामाला लागली. "लगाम काढ. दोन्ही जोड. कमरेचा पट्टा दे. आता बूट काढ."

"बूट कशाला?"

"पाणी कशात काढू, तुझ्या टोपीत?"

"तुझा का नाही?"

"माझ्याला भोक आहे."

माझा उजवा बूट आत गेला. पहिल्या खेपेला चिखल आला, दुसऱ्या खेपेला गढूळ पाणी. तिसऱ्या खेपेला ती बराच वेळ बूट हलवत राहिली, वर ओढला, तोंडाला लावला आणि डोळे मिटले.

"काय झालं? खारट आहे?"

तिने बूट माझ्याकडे दिला. त्या पाण्याला चामड्याचा वास होता, माझ्या पायाचा वास होता, आणि ते गोड होतं. साखरेसारखं नव्हे, नुसतं पाण्यासारखं. इतक्या दिवसांत मी विसरलोच होतो की पाण्याला काहीच चव नसते.

परत आलो तेव्हा मेंढा दिला गेला होता आणि आम्हाला शोधायला ट्रक निघत होता. मी एका पायाने अनवाणी, नोगालाच्या हातात बूट, दोघांचेही लगाम कसेबसे बांधलेले. नार्मा तावातावाने धावत आला.

"तुला अक्कल आहे का? घोडीचा पाय मोडला असता तर? आणि तू रे, हिच्या मागे कुठे शेपूट हलवत गेलास?"

नोगाला त्याच्याकडे न बघता सरळ आईपाशी गेली. "आई, पी."

"बुटातून?" काकूंनी नाक मुरडलं. पण घोट घेतला. मग दुसरा घेतला. तिसरा घेऊन त्यांनी बूट पोटाशी धरला.

"घर सापडलं," काकू म्हणाल्या. एवढंच.

मग जो गलका झाला! सगळ्यांनाच एक घोट हवा. बूट हातोहात फिरला. नार्माने सर्वांत शेवटी ओठ लावले, बूट उलटा करून थेंबही टिपला आणि म्हणाला, "उद्या फावडी घेऊन निघायचं." "उद्या कशाला?" असं कुणीतरी म्हणालं आणि संध्याकाळच्या आत अर्धं केंद्र दोन टेकाडांपाशी होतं. मेंढा जिंकलेला भला माणूस मेंढ्यासकट आला. विहीर उपसता उपसता मेंढा शिजलाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही विहीर दगडांनी बांधली आणि मातीच्या विटा पाडून घरं उभारली. बातमी माळभर पसरली. शरद ऋतूत ट्रक येऊ लागले, त्यांत त्या जुन्या वस्तीची माणसं, सैबेरियाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून परतलेली. ट्रकची धूळ दिसली की नोगाला छपरावर चढायची आणि हात हलवत ओरडायची. कधी बालपणीची मैत्रीण उतरायची, कधी फक्त मैत्रिणीचा भाऊ उतरायचा आणि नाही म्हणून मान हलवायचा. तेव्हा ती खाली येऊन त्याच्याजवळ बसायची, चहा ओतायची.

थंडी पडण्याआधी आमचं लग्न झालं. मागणी मी घातली असं मी म्हणतो, तिने घातली असं ती म्हणते. काकू आणखी काही वर्षं जगल्या आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणात गेल्या. ज्यांना आपली माणसं रुळांच्या कडेला बर्फात ठेवून यावी लागली, त्यांनाच याचं मोल कळेल.

नोगालाने पुढे केंद्राचा घोड्यांचा कळप सांभाळला. साठीपर्यंत ती खोगिरावर होती. आता गुडघे साथ देत नाहीत. पण वसंतात शिंगरं जन्मली की पहाटेच उठते, काठी टेकत कुंपणापाशी जाते आणि मला हाका मारते, "बासांग, अरे ऊठ! लवकर ये, हे उभं राहतंय बघ!"

मी जातो. दर वेळी धावतच जातो.