बारा चाळीसची बाटली

१९७४ च्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, नागपूरच्या एका रक्तपेढीत माझ्या नावाने एक बाटली रक्त दिलं गेलं. रजिस्टरमध्ये माझी सही आहे. त्या वेळी मी उमरेडला होतो — नागपूरपासून एसटीने दीड तासावर.

ती बाटली माझ्या बायकोला चढवली आणि ती वाचली.

मी एका दैनिकात उपसंपादक होतो. वाचकांच्या अशा अनुभवांची पत्रं माझ्याच टेबलावर येत आणि बहुतेक मी छापत नसे. माझा या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. म्हणून इथे तेवढंच लिहितो जे मी स्वतः पाहिलं, किंवा ज्याची दोन माणसांकडून खात्री करून घेतली. एक मात्र आधीच सांगायला हवं. त्या दिवशी मी पळून गेलो होतो.

कुसुम — माझी बायको — रामदासपेठेतल्या एका प्रसूतिगृहात होती. सकाळी सातला मुलगी झाली. मुलगी ठणठणीत होती, पण कुसुमचा रक्तस्राव थांबेना. साडेदहाला डॉक्टरबाई व्हरांड्यात आल्या आणि म्हणाल्या, रक्त लागेल, ताबडतोब लागेल. त्या काळी रक्त विकणारी माणसं सहज मिळत. बाईंना ते रक्त नको होतं. घरच्यांपैकी कोणीतरी जवळच्या रक्तपेढीत जावं, तिथे रक्त द्यावं, जुळलं की बाटली इकडे यावी, असं त्यांनी सांगितलं.

व्हरांड्यात आम्ही सहा जण होतो. मोठ्या भावाला आपल्याला शुगर असल्याचं त्याच क्षणी आठवलं. शेजारच्या दोघांना ऑफिस होतं. आईने मला खांबाआड नेलं.

"तू नको देऊ गा. एकदा गेलेलं रक्त भरून निघत नाही. तुह्या मामानं देलं होतं, अजून जिना चढताना धापते."

मामा तेव्हा सत्तरीचे होते आणि रोज एक बंडल बिडी ओढत. हे मला माहीत होतं. तरी मी आईचं ऐकलं, कारण मला सुईची भीती होती, आणि भीतीपेक्षा आईचं नाव सांगणं सोपं होतं. मी डॉक्टरबाईंना म्हणालो की हिचा भाऊ उमरेडला असतो, तरुण आहे, दणकट आहे, त्याला घेऊन येतो.

"आणि तुम्ही स्वतः?"

"तो दणकट आहे."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "तितका वेळ आहे का तुमच्या बायकोजवळ?"

हे वाक्य मी जिन्यात ऐकलं. मागे वळलो नाही.

अकराची बस होती. साडेबाराला उमरेड. स्टँडपासून सासरचं घर चालत पाच मिनिटं. वासुदेव, कुसुमचा धाकटा भाऊ, मागावर लुगडं विणत बसला होता. मी काय झालं ते सांगितलं. त्याने धोटा खाली ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, एकची गाडी भेटते. तेव्हा पावणेएकला पाच मिनिटं कमी होती. मी मागाजवळच्या बाकावर बसून पाणी पीत होतो. ही वेळ मी नंतर त्याच्याकडून आणि त्याच्या आईकडून, दोघांना वेगवेगळं विचारून, पक्की करून घेतली आहे.

अडीच वाजून गेल्यावर आम्ही प्रसूतिगृहात पोचलो. जिन्यातच सिस्टर भेटली आणि मला रागावली.

"रक्त देऊन उन्हात कुठे फिरून राहिले जी तुम्ही? पडान ना एखाद्या वेळी. बसा इथं, चहा सांगते. साखर जास्त घालून."

मी बसलो. वासुदेव उभा राहिला. डॉक्टरबाई बाहेर आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता धोका नाही. मघाशी मी जरा लागेल असं बोलले. मनावर घेऊ नका." जिन्यातून मी परत फिरलो आणि सरळ रक्तपेढीत गेलो, अशी त्यांची समजूत होती. आई कपडे आणायला घरी गेली होती. तिचीही पुढे तीच समजूत झाली — मी तिला फसवून रक्त दिलं! ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

मी मोरीत जाऊन दोन्ही बाह्या वर केल्या. कोपराच्या आत काहीही नव्हतं. बाहेर आलो तेव्हा वासुदेव दाराशीच होता.

"भाऊजी, तुम्ही तं माह्यासंग होते."

"होतो."

"मंग?"

मी म्हणालो, मला काही कळत नाही. त्याने माझ्या वर केलेल्या बाह्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताई जगली ना. आपल्याले काय कराचं हाय बाकीचं." आणि त्याने सिस्टरने माझ्यासाठी आणलेला चहा उचलून पिऊन टाकला.

चारच्या सुमारास कुसुमने डोळे उघडले.

"गेले नाही ना तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो.

"बसा ना मंघासारखे."

माझ्या नावाचा तो माणूस कसा बसला होता हे मला ठाऊक नव्हतं. मी स्टूल ओढून बसलो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने डोळे मिटले.

तिसऱ्या दिवशी मी रक्तपेढीत गेलो. तिथले तंत्रज्ञ मेश्राम यांनी मला लगेच ओळखलं आणि चक्कर-बिक्कर तर नाही आली ना, म्हणून विचारलं. मी रजिस्टर पाहायला मागितलं. नाव माझं. वय माझं. महाल भागातल्या घराचा पत्ता माझा. वेळ बारा-चाळीस. रक्तगट बी पॉझिटिव्ह. खाली माझी सही — शेवटचं अक्षर मी मागे वळवून घेतो, तसंच वळवलेलं. मी मेश्रामांना म्हटलं, माझा गट पुन्हा एकदा तपासून द्या, कार्ड करायचं आहे. त्यांनी बोटाला सुई टोचली. ती सुद्धा मी दुसरीकडे बघून टोचून घेतली.

मेश्राम काचपट्टी घेऊन खिडकीशी गेले. दुसरी काचपट्टी केली. तिसरी केली. मग परत येऊन माझ्यासमोर बसले.

"साहेब, तुमचा गट ए आहे."

"मग रजिस्टरमध्ये बी कसा?"

"मीच तपासला होता त्या दिवशी. बाईंच्या रक्ताशी मीच जुळवला." त्यांनी आवाज खाली आणला. "आज जे पाहून राहिलो ते रक्त बाईंना चढलं असतं, तर त्या वाचल्या नसत्या."

मी विचारलं, त्या दिवशी आलेला माणूस दुसरा कोणी असेल का? त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, तुम्हीच होता. पांढरा बुशशर्ट होता. पलंगावर पडल्यावर तुम्ही विचारलं की एकात भागलं नाही तर दुसरी बाटली घेता येईल का. मी 'नाही' म्हटलं, मेश्राम सांगत होते.

मंगळवारी माझ्या अंगात तपकिरी चौकड्याचा शर्ट होता. माझा एकुलता एक पांढरा बुशशर्ट सोमवारपासून धोब्याकडे होता. धोब्याने ते सांगितलं, धोब्याच्या बायकोनेही सांगितलं.

बातमीदाराने करावं ते सगळं मी केलं. माझ्यासारखा दिसणारा नातेवाईक आमच्यात नाही. रक्त विकणाऱ्या कोणी माझं नाव लावलं असेल, तर सही कुठून आणली आणि पत्ता कुठून? तो बाटलीसोबत प्रसूतिगृहात आला, सव्वादोनपर्यंत कुसुमजवळ बसला आणि 'जरा येतो' म्हणून जिना उतरला, हे सिस्टरने आणि वॉर्डातल्या आयाने, दोघींनी सांगितलं. पुढे त्याला कोणी पाहिलं नाही. इथे माझा तपास संपला. या प्रकाराचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आज नाही.

यापुढचं लिहायला मला अवघड जातं.

मला त्या माणसाचा हेवा वाटायला लागला.

कुसुम घरी आली आणि गल्लीभर सांगत सुटली की यांनी मले रक्त देलं. आईशी भांडण झालं की तिचं शेवटचं वाक्य तेच. मी घरी उशिरा आलो, तिच्या माहेरच्या लग्नाला गेलो नाही, चारचौघांत तिला टाकून बोललो... तिने सगळं त्या एका दुपारच्या नावावर सोडून दिलं. सोडून दिलं की तिची नजर माझ्या डाव्या कोपराकडे जायची. मला ते दिसायचं. ती माफी माझी नव्हती, त्याची होती, आणि मी ती रोज जेवणाच्या ताटासारखी पुढे ओढून घेत होतो.

मुलगी वर्षाची झाली त्या सुमाराला, एका रविवारी, कुसुम म्हणाली, "त्या दिवशी जे बोलले ते पुन्हा एकदा बोला ना."

"काय बोललो?"

ती हसली. "आता लाजून राहिले."

तो तिच्याशी काहीतरी बोलला होता. माझ्या आवाजात. मी तिला काय म्हणालो असतो, याचे मी ऑफिसात बसून अंदाज केले. दुसऱ्यांच्या मजकुराचे मथळे जुळवताना माझ्या डोक्यात तेच वाक्य जुळवणं चालू असायचं. एकदा धीर करून म्हणालो, "तू नसतीस तर माझं काय झालं असतं." तिने माझ्याकडे पाहिलं, छान आहे म्हणाली आणि पोळी उलटवली. ते वाक्य ते नव्हतं.

पांढरा बुशशर्ट ती माझ्यापुढे काढून ठेवायची. मी तो घालत नसे. एक दिवस ती बाहेर गेली असताना भांडेवाली आली. मी तो शर्ट तिला देऊन स्टीलची वाटी घेतली. संध्याकाळी कुसुमने कपाट तीनदा उपसलं. वाटी पाहिली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि त्या दोन दिवसांत मला एक प्रकारचं समाधान होतं, हेही लिहून ठेवतो.

पाच-सहा वर्षांनी आमच्या ऑफिसात रक्तदान शिबिर झालं. पहिलं नाव मी लिहिलं. सुई आत गेली तेव्हा मी डोळे उघडे ठेवले. दहा मिनिटांत सगळं आटोपलं, बिस्किटं मिळाली, आणि मी त्या दुपारी कशाला भ्यालो होतो ते मला आठवेना. घरी आलो ते कोपरावरचा कापूस तसाच ठेवून. कुसुमने तो पाहिला.

"दुखलं काय?"

"थोडं."

"त्या दिवशी तं तुम्ही हूं की चूं नाही केलं," ती म्हणाली आणि आत गेली. मी कापूस काढून टाकला.

१९८५ मध्ये मुलगी सहावीत होती. शाळेत दुसऱ्या दिवशी निबंध वाचून दाखवायचा होता. बाबा पेपरात आहेत म्हणून तिने तो मला तपासायला दिला. विषय होता, माझे वडील. दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं की माझ्या बाबांनी स्वतःचं रक्त देऊन माझ्या आईचा जीव वाचवला आणि ते त्याबद्दल कधीच बोलत नाहीत. ती शाळेत गेली. निबंध टेबलावर राहिला. खोटा मजकूर मी त्याआधी जाणूनबुजून कधी पुढे सोडला नव्हता.

कुसुम मागच्या खोलीत मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि तिला सगळं सांगितलं — जिना, अकराची बस, मागाजवळचा बाक, मेश्रामांच्या काचपट्ट्या, शर्ट. क्रमाने सांगितलं. ती मेथी निवडत राहिली.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "मले माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"वासुदेवनं चौथ्याच दिवशी सांगतलं. त्याच्या पोटात काही राहते काय?"

"मग अकरा वर्षं..."

"तुम्ही सांगान म्हणून वाट पाहून राहिली होती." तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "चहा करू का?"

मी विचारलं, तो कोण होता. तिला माहीत नव्हतं. चेहरा तुमचाच होता, आवाज तुमचाच होता, हात गरम होता, एवढं ती म्हणाली. तिला तेव्हा काही वेगळं वाटलं नव्हतं. नंतर, वासुदेवने सांगितल्यावर, वाटलं. काय वाटलं ते तिने सांगितलं नाही.

"तो तुला काय म्हणाला होता?"

"ते नाही सांगणार."

"काहून?"

'का' ऐवजी हा तिच्या बोलीतला शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाही. तिने मान वर केली.

"तो मले बोलला होता. तुम्हाले नाही."

निबंध मी खोडला नाही. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या.

तो काय म्हणाला होता, हा प्रश्न मी कुसुमला त्यानंतर दोनदा विचारला. एकदा त्याच वर्षी दिवाळीत, आणि एकदा गेल्या महिन्यात, हे लिहायला बसण्याआधी. दोन्ही वेळा तिने तेच उत्तर दिलं.