गोमीबाईंची माफी
मेथी निवडायला घेतली की ती सकाळ आठवते. टोकियोत हिगाशी-कसाईला मुलाच्या घरी आम्ही दोघं मेथी निवडत होतो आणि रेडिओ लावलेला होता. वस्तीतल्या लोकांनीच मिळून चालवलेलं लहानसं स्टेशन ते. जपानी आम्हाला कळायचं नाही, पण तिथल्या बाईचा आवाज आमच्या हिला फार आवडायचा. ती बाई रोज सकाळी 'गोमी, गोमी' म्हणायची, म्हणून ते तिचंच नाव असं हिनं धरलं. वर्षभर रेडिओ लावला की ही म्हणायची, "या गोमीबाई, चहा झाला का?" त्या दिवशी सुनेनं ते ऐकलं आणि हसतच सुटली. "आई, गोमी म्हणजे कचरा! आज कुठला कचरा टाकायचा ते सांगते ती." ही पोट धरून हसली, मग हातातली मेथी खाली ठेवून म्हणाली, "अहो, एवढ्या गोड बाईला मी कचरा म्हणत होते. उद्या जाऊन माफी मागू. चला माझ्यासंगती." मी म्हटलं, "तिला काय ऐकू गेलंय? मी नाही येत." दुपारी ही झोपली ती उठलीच नाही. इथं लगेच अग्नी देत नाहीत, थांबावं लागतं. मला घरात बसवेना. दुसऱ्या सकाळी सुनेकडून जपानीत हिच्या माफीची चिठ्ठी लिहून घेतली आणि एकटाच स्टेशनवर गेलो. बाईनं चिठ्ठी वाचली, डोळे पुसले आणि हिचं नाव विचारलं. तेवढं मला कळलं. लग्नापासून कधी तोंडानं घेतलं नव्हतं, ते नाव मी मोठ्यानं घेतलं.