पुढं गेलेला आजा

सोनाक्का कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी एकच विचारायच्या, "फुकट हाय का?" भवानी पेठेतल्या आमच्या वाचनालयात पहिल्यांदा आल्या तेव्हाही तेच. मी म्हटलं, "अनामत भरावी लागते." "मग पुस्तक ऱ्हाऊ द्या. वायफाय फुकट हाय न्हवं? लढाईचं कागद मोबाइलवर कुटं घावत्यात, तेवढं सांगा बाई."

सत्तरी उलटलेली, चादरींच्या दशा वळून बोटं वाकडी झालेली बाई, आणि हिला लढाईचे कागद! मी चक्क हसले. अक्का जाऊन आता वर्ष होईल, पण त्या हसण्याची लाज अजून वाटते.

त्यांचा आजा मंगळवेढ्याजवळच्या त्यांच्या गावातून पहिल्या महायुद्धात गेला, तो परतलाच नाही. वडील तेव्हा आजीच्या पोटात. गावाने ठरवून टाकलं, पळाला, तिकडंच दुसरा घरोबा केला. दर झेंडावंदनाला शाळेत गावच्या सैनिकांची नावं वाचतात, त्यात त्याचं नाव कधी आलं नाही. "आजी त्येच्यापायी बोलणी खाऊन मेली," अक्का म्हणाल्या. "मी न्हाई तशी मरायची."

मग रोज संध्याकाळी चादरींचा कारखाना सुटला की अक्का खिडकीजवळच्या बाकावर हजर. नातीचा जुना मोबाइल, त्यातली भाषांतराची सोय आणि तोंडाची अखंड टकळी. पलटणींच्या इतिहासांची स्कॅन केलेली पुस्तकं, जुने नकाशे, सगळ्यांसाठी खुल्या केलेल्या युद्धातल्या तुकड्यांच्या दैनंदिन्या, परमुलखात पडलेल्या सैनिकांची यादी, एकेक ठिकाण त्यांनी हुडकलं. कुणी पैसे मागितले की पान बंद. "पैसं टाकून कोन बी आनतंय. फुकटातलं हुडकायला डोस्कं लागतंय," हे वर.

एकदा व्याख्यानाला आलेल्या प्राध्यापकांना त्यांनी याच दैनंदिन्यांबद्दल शंका विचारली. ते गोड हसून म्हणाले, "आजी, मोबाइलवर संशोधन होत नसतं. त्यासाठी लंडनला जावं लागतं."

"कशाला? लंडननंच कागद हितं धाडल्यात की!" अक्कांनी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. "तुमी बगितलं न्हाईसा, त्येला मी काय करू?" अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानून टाकले.

आजा मात्र सापडेना. आम्ही सहा महिने आडनावाने शोधत होतो. एके दिवशी अक्कांनी कपाळावर हात मारला. "आपलंच चुकलं बाई! त्या टायमाला आमच्याकडं आडनाव कोन लावत हुतं? बापाचं नाव, गावाचं नाव, बास."

तसं टाकलं, आणि यादीत तो निघाला. तुकाराम, भिवाचा मुलगा, त्यांच्याच गावचा. खेचरांच्या तुकडीत होता, मेसोपोटेमियात वारला. मी त्या तुकडीची, तो वारला त्या तारखेची दैनंदिनी उघडून वाचून दाखवली. खेचरवाले गोळीबारात पहिल्या फळीला पाणी पोचवत होते, काही जण परत आले नाहीत.

अक्कांनी मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग टेबलावर मूठ आपटली. "पुडं गेलता माजा आजा. पुडं! माघारी न्हाय." मला रडू आवरेना.

पंधरा ऑगस्टला मी त्यांच्याबरोबर गावी गेले. कागद शाळेत आधीच दिले होते. तरी यादी वाचता वाचता तुकारामच्या नावाशी गुरुजी अडखळले आणि सरपंचांकडे बघू लागले. सरपंच म्हणाले, "इंटरनेटवर काय बी फुकट घावतंय, अक्का. त्येचा काय भरवसा?"

अक्का उठून उभ्या राहिल्या. "त्यो पळाला म्हनून शंभर वर्सं वरडताय, त्येचा कागद कुटं हाय? माजा मी दावला. तुमचा दावा की!"

शेवटी गुरुजींनी माईक जवळ ओढला. "तुकाराम भिवा."

"गावाचं नाव बी घ्या," अक्का उभ्यानंच म्हणाल्या. "ह्याच गावचा हुता त्यो."

गुरुजींनी गावासकट पुन्हा वाचलं. मग अक्का खाली बसल्या.