ओले खळे

फौजेतून परतल्यावर मी माण तालुक्यातल्या आमच्या शेतात, विहिरीजवळ, दोन खोल्यांचा पाया खोदला. तेवढीच जागा सपाट होती. बाकी सगळा उतार. पुढे उच्च दाबाच्या विजेची लाईन आली. दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर मनोरे उभे राहिले आणि तार नेमकी त्या पायावरून जाणार असे कळले. तारेखाली घर बांधता येत नाही. एक मनोरा माळाकडे सरकवता येईल का ते पाहू, असे लाईनचे साहेब म्हणाले होते. पण ते तार ओढण्याआधीच; एकदा ओढली की नाही.

तार ओढायची तर आधी एक दोर या मनोऱ्यापासून त्या मनोऱ्यापर्यंत न्यावा लागतो. माणसे तो शेतांतून चालत नेतात, हे मी पाहिले होते. म्हणून शेजारच्या चुलतभावाने आणि मी बिरोबापुढे भंडारा उचलून शपथ घेतली, की लाईनवाल्यांचा माणूस आपला बांध ओलांडू द्यायचा नाही. आमच्यात भंडारा उचलल्यावर कागद लागत नाही. आम्ही आळीपाळीने बांधावर बसू लागलो.

त्याच्या पाळीच्या दिवशी मी हरकतीचा अर्ज द्यायला दहिवडीला गेलो. दुपारी परतलो तेव्हा बांधावर जत्रेसारखी माणसे होती.

"आवं, लय भारी खेळ चुकला तुमचा," एक म्हातारा म्हणाला. "लग्नात फोटो काढतंय तसलं यंत्र. पर ह्येनं दोरी धरून टेकडी गाठली की!"

मी वर पाहिले. माझ्या घराच्या पायावरून आभाळात एक बारीक दोरी गेली होती. तिच्यामागून जाड दोर सरकत होता. त्याच्यामागून तार येणार होती.

चुलतभाऊ त्याच्या खळ्यावर उभा होता. ड्रोन तिथूनच उडाला होता. खळे ओले होते. मळणी होऊन महिने लोटले होते. धूळ उडू नये म्हणून सकाळीच कुणीतरी सडा टाकला होता.

"पाणी कुणी मारलं?"

तो खाली पाहू लागला. "दादा, बांधावर कुणाचा पाय पडला न्हाई. भंडारा मोडला न्हाई मी."

"पाणी कुणी मारलं?"

"मीच." मग म्हणाला, "मनोरा सरकला असता तर तार माझ्या डाळिंबावर आली असती."

"हे आधी का बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तुमी बांधावरनं हलला असता व्हय?"

खरे होते. बांध त्याच्यावर सोडून मी दहिवडीला गेलोच नसतो. मी घरी गेलो.

पाया मी स्वतःच बुजवला. पहिल्या पावसानंतर तिथे गवत आले. आता मेंढ्या बसतात. वर तार गुणगुणते.

बिरोबाच्या यात्रेत आम्ही भाऊ एकमेकांच्या कपाळी भंडारा लावतो. त्या वर्षी तो चिमूट घेऊन समोर आला. "दादा," एवढेच म्हणाला. मी कपाळ पुढे केले नाही. त्याचा हात बराच वेळ तसाच होता.